सूर नसताना

वहिनीनं बॅग भरली, पण वस्तरा त्यात घातला नाही.

एका नियतकालिकाच्या संपादकांचं दादाला उत्तर: आपला लेख आमच्या विषयात बसत नाही.

मांजर पूर्वी फरशीवर पसरायची. हल्ली कपाटाच्या माथ्यावर झोपते.

आवाजबंद खोलीचं दार लागलं की माणसाला स्वतःचं गिळणंसुद्धा ऐकू येतं.

बटण दाबलं की दिवा लागतो. हिरवा.

या सगळ्याचा एकमेकांशी संबंध आहे असं दादाचं म्हणणं होतं, आणि दादाचं म्हणणं हाच तर घरातला आजार होता.

दादा निवृत्त गणितशिक्षक. त्याला गुणगुण ऐकू यायची. जमिनीखाली खूप खोल एखादं अवजड यंत्र सुरू व्हावं आणि थांबावं, तशी. शहरात आणखी काहींनी तक्रारी केल्या तेव्हा समिती नेमली गेली, आणि समितीवरची कानतज्ज्ञ म्हणून त्याच्या धाकट्या बहिणीनंच लिहून दिलं: भास. दादा रुसला नाही. त्यानं सिद्धान्त मांडला. गुणगुण कानांतून येत नाही, हाडांतून येते. ज्यांना येते त्यांना एकाच क्षणी येते. आणि दोन वेळांमधलं अंतर कमी कमी होत चाललंय. अंतर संपल्यावर काय, असं विचारलं की तो जेवणाचं ताट बाजूला सारून उठायचा.

शेवटी वहिनीनं टेकडीवरच्या मनोरुग्णालयात जागा मिळवली.

"छोटे, आधी मला तुझ्या मशीनवर बसव," दादा बहिणीला म्हणाला. "खोटा ठरलो तर मुकाट बॅग उचलतो."

"आणि खरा ठरलास तर?"

"तर तू लिहिलेलं मागे घ्यायचंस. चारचौघांत."

म्हणून त्या सकाळी तो आवाजबंद खोलीत बसला. कानांवर हेडफोन, मुठीत बटण. सूर ऐकू आला की दाबायचं. सूर नसताना दाबलं तर तो खोटा प्रतिसाद, आणि खोटे प्रतिसाद सोडून द्यायचे. तिनं आजवर असे ढिगानं सोडले होते. शेजारच्या खोलीत सहकाऱ्याचा पेशंट होता. खोल्या दोन, बाहेरचं टेबल एकच, त्यावर शेजारी शेजारी दोन दिवे.

सूर. दिवा.

सूर. दिवा.

सूर नाही. दिवा.

"आता हा कशाला दाबतोय?" सहकारी पुटपुटला. त्याचाही दिवा लागला होता.

"तुमचाही?"

"हात शिवशिवत असेल. कंटाळलाय बिचारा."

सूर नाही. दिवा, दिवा. दोन्ही एकदमच विझले.

"वायरी एक झाल्यात, मॅडम. तुमचे बंधू माझ्या पेशंटच्या अंगात आले!" तो स्वतःच्याच विनोदावर हसला आणि चहा आणायला गेला.

तिनं दादाला सूर दिला. फक्त दादाचा दिवा लागला. पुन्हा दिला. पुन्हा एकच दिवा. वायरी वेगळ्याच होत्या.

मग सूर नाही. दिवा, दिवा. या वेळी लवकर.

पुढच्या वेळी आणखी लवकर.

शेजारी कोण बसलंय, एवढंच विचारायचं होतं. दाराच्या काचेतून डोकावलं तरी चाललं असतं. पण डोकावलं की पुढचं सगळं ओघानं आलंच: समिती, तिचा अहवाल, भावाच्या वेडापायी शहाणी बाई वाहवली म्हणून खात्यात होणारी कुजबुज. तिनं यंत्र बंद केलं.

दादा बाहेर आला. "काय निघालं?"

"खोटे प्रतिसाद फार आहेत, दादा."

"शेजारी एक जण बसलाय ना? त्याचा दिवा पाहिलास?"

"नाही."

पुस्तकाच्या मागच्या पानावर उत्तर बघून आलेल्या पोराकडे तो बघायचा, तसा तिच्याकडे बघत राहिला. मग स्वतः बॅग उचलली.

"ताई, तुम्ही होतात म्हणून निभावलं," वहिनी डोळे पुसत म्हणाली.

दुपारी सहकारी जेवायला गेल्यावर ती आवाजबंद खोलीत जाऊन बसली. हेडफोन लावले नाहीत. बटण नुसतं मुठीत धरलं. दार लागलं. तिला स्वतःचं गिळणं ऐकू आलं, मग तेही ऐकू येईना, कारण तळपायांतून काहीतरी वर चढत होतं.

काचेपलीकडे, टेबलावर, हिरवा दिवा लागला.

तिनं अंगठ्याकडे पाहिलं. तो बटणावर घट्ट दाबलेला होता. तिनं तो उचलला. दिवा विझला. लगेच पुन्हा लागला. पुन्हा विझला, आणि विझला म्हणेपर्यंत पुन्हा लागला.

त्या सकाळी शेजारच्या खोलीत बसलेला माणूस शिंपी होता, जन्मापासून ठार बहिरा, आणि बहिरेपणाचा जुना दाखला नवा करून घ्यायला आला होता.