रविवारची काठी

गळाची काठी विकायला होकार देऊन यज्ञेश्वर जोगळेकर घोरपडे पेठेतून बाहेर पडले, आणि स्वारगेटला पोचेपर्यंत त्यांचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. कर्वेनगरची एक बस गेली. मग दुसरी गेली. बसायला जागा होती तरी ते चढले नाहीत.

काठी त्यांची होती, पण एक दिवसही त्यांच्या घरी राहिली नव्हती. राहणार तरी कशी? ज्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा चालत नाही, तिथे मासे धरायची काठी कोण ठेवून घेणार! म्हणून ती राहायची टेलिफोन खात्यातल्या त्यांच्या दोस्ताच्या, अय्युब बागवानच्या दारामागे. दर रविवारी पहाटे दोघं अय्युबच्या स्कूटरवरून खडकवासल्याला जायचे. गळ टाकायचा आणि पाण्याकडे बघत बसायचं. बोलणं फारसं नाही, पण आठवडाभराचा शीण तिथेच उतरायचा. मासे अय्युबच्या घरी शिजायचे. यज्ञेश्वरांनी जन्मात एक तुकडा तोंडात घातला नाही. घरी पद्मजाबाईंना सांगितलेलं असायचं, सिंहगड चढायला जातो. ही थाप सत्तावीस वर्षं खपली. पुण्यात रविवारी गडावर जाणाऱ्याला कोणी उलट विचारत नाही.

तीन महिन्यांपूर्वी अय्युब गेला. "ऑफिसातले एक गेले," एवढंच घरी सांगून यज्ञेश्वर मातीला जाऊन आले, आंघोळ करून पानावर बसले. पुढच्या रविवारी गुडघे दुखतात म्हणाले आणि गड सुटला.

आज अय्युबच्या बायकोनं, जरीनाभाभींनी बोलावून घेतलं होतं. त्या उद्या कायमच्या सोलापूरला मुलाकडे चालल्या होत्या. हॉटेलच्या भिंतींवर जुन्या वस्तू लावणारा कोणी माणूस पाच वाजता येणार होता. "यज्ञेश्वरभाई, काठी तुमची. नेता, का देऊन टाकू त्याला?" त्यांनी विचारलं. यज्ञेश्वरांच्या डोळ्यांपुढे पद्मजाबाईंचा चेहरा आला आणि तोंडातून "द्या देऊन" निघून गेलं. भित्रा माणूस, दुसरं काय!

तिसरी बस आली. ते पायरीवर एक पाय ठेवून उभेच राहिले.

"आजोबा, चढायचंय की नुसतं बघायचंय?" कंडक्टरनं विचारलं.

"उतरायचंय," असं म्हणून ते मागे वळले आणि गुडघ्यांची पर्वा न करता भराभरा चालत सुटले.

जरीनाभाभींच्या खाटेवर तो माणूस काठी मांडीवर घेऊन बसला होता. एका पावसाळ्यात मूठ तडकली तेव्हा अय्युबनं तिला ऑफिसातली काळी टेप गुंडाळली होती, घट्ट, तारांचे जोड बांधायचा तशी. त्या टेपचं टोक हा माणूस नखानं उकलत होता.

"हे गबाळं काढून पॉलिश मारलं की झकास दिसेल," तो म्हणाला.

"हात काढा आधी," यज्ञेश्वर म्हणाले. आपला आवाज एवढा चढतो हे त्यांनाच नवीन होतं. "विकायची नाहीये."

माणूस कुरकुरत गेला. भाभींनी डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाल्या, "चादरीत गुंडाळून देऊ?"

"नको. अशीच नेतो."

बसमध्ये ती काठी निम्म्या लोकांना लागली आणि निम्म्यांनी तसं बोलून दाखवलं. यज्ञेश्वरांना काही ऐकू येत नव्हतं. दारात काय बोलायचं याची वाक्यं ते जुळवत होते आणि मोडत होते.

पद्मजाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी काठी वरपासून खालपर्यंत पाहिली.

"गडावर मिळाली वाटतं?"

"अगं, मी गडावर कधी..."

"माहितीये. दर रविवारी गड चढणाऱ्या माणसाला आपले दोन जिने चढताना धाप लागते होय? सत्तावीस वर्षांत गडावरच्या दह्याचं एकदा नाव काढलं नाहीत. आणि कपडे धुवायला मीच होते ना! वास येत नव्हता का मला? घरात काही आणलं नाहीत, म्हणून मीही विचारलं नाही." त्यांनी मेथी बाजूला सारली. "पण एक मला कळलेलं नाही. तीन महिने झाले, नळ सोडून न्हाणीघरात रडता. ते कुणासाठी?"

यज्ञेश्वरांनी काठी भिंतीला टेकवली. ते नाव या घरात त्यांनी कधी उच्चारलंच नव्हतं. 

"अय्युब. अय्युब बागवान. माझा मित्र होता गं." ते खालीच बसले आणि नळ न सोडता रडले.

पद्मजाबाईंनी त्यांना रडू दिलं. मग पाणी दिलं.

"त्यांची बायको असते कुठे?"

"घोरपडे पेठेत. उद्या सोलापूरला चालल्यात."

"म्हणजे एवढ्या दिवसांत मी साधी भेटायलाही गेले नाही," असं म्हणत त्या उठल्या आणि चपला पायात सरकवू लागल्या. "चला, आत्ताच जाऊ. काठी राहू दे इथेच, घरात."