चारही काचा खाली

गाडी शिकवणारे मास्तर मुळात भित्रे नव्हते. ब्रेक कुठला आणि क्लच कुठला हे ज्यांना ठाऊक नाही अशांच्या शेजारी बसून ज्याने आयुष्यभर पोट भरलं, तो माणूस भित्रा असेलच कसा? पण साथ आली आणि मास्तरांनी स्वतःच्या गाडीपुरता नियम काढला. चारही काचा खाली, नाकासकट तोंडावर मास्क, आणि स्टिअरिंगला हात लावण्याआधी ते ज्याचं त्याने पुसून घ्यायचं. बाहेर थंडी असो की धूळ उडो, काच वर जाणार नाही.

शिकायला येणाऱ्यांनी त्यांना अगदी नको नको केलं. सगळ्यात जास्त कुरकुर बँकेतल्या कारकुनाची. हा तरुण केसांची फार निगा राखणारा. उघड्या काचांतून वारा आला की एक हात स्टिअरिंगवर आणि एक केसांवर. मास्क नाकाखाली ओढूनच बसायचा. मास्तरांनी बोट वर केलं की वर घ्यायचा, पुढचं वळण येईतो पुन्हा खाली.

"सर, श्वास कोंडतो माझा."

"मग गाडी बाजूला घ्या, खाली उतरा, हवा तेवढा श्वास घ्या. मी थांबतो."

"आणि वेळ जाईल त्याचं काय?"

"तो तुमच्याच तासातून जाईल."

कारकुनाने गाडी शिकवणाऱ्या शाळेच्या मालकांकडे तक्रार केली. मालकांनी मास्तरांना बोलावून घेतलं.

"मास्तर, आधीच लोक शिकायला येईनासे झालेत. थोडं सांभाळून घ्या की."

"सांभाळूनच घेतोय," मास्तर म्हणाले, आणि किल्ली घेऊन बाहेर पडले.

मास्तरांची तक्रार न करणारी एकच बाई होती. टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेली, साठी उलटलेली. तिला सगळेच मावशी म्हणत. नवऱ्याची फुप्फुसं कित्येक वर्षं अधू, घरी पलंगापाशी ऑक्सिजनचं मशीन. पूर्वी तपासणीला टॅक्सीने नेत असे, पण आता परक्या माणसाच्या बंद गाडीत त्यांना बसवायला ती धजत नव्हती. म्हणून या वयात ती गाडी शिकायला आली होती. एकावर एक असे दोन मास्क लावायची आणि त्यामुळे चष्म्यावर सारखी वाफ धरायची.

"मास्तर, समोर काय आहे?"

"समोर खांब आहे, मावशी."

"मग थांबू का?"

"थांबलात तर बरं होईल."

असं सगळं चाललं होतं. मग एका रविवारी मास्तर आणि त्यांची बायको ताईकडे, म्हणजे मास्तरांच्या मोठ्या बहिणीकडे जेवायला गेले. खूप महिन्यांनी भेट होत होती. गारठा असल्याने ताईने खिडक्या घट्ट लावून घेतल्या होत्या. मास्तर दारातच घुटमळले. मास्क तोंडावरच होता.

"अरे, तू माझ्याकडे आलायस की दवाखान्यात?" ताई म्हणाली. "बहिणीसमोर तोंड झाकून बसणार? मी काय परकी आहे?"

त्या एका शब्दाने मास्तर विरघळले. मास्क खिशात गेला. बायकोनेही आपला पर्समध्ये टाकला. दाजी मधूनमधून खाकरत होते. म्हणाले, घसा जरा धरलाय, गार पाणी प्यायलो. कुणी मनावर घेतलं नाही. जेवणं झाली, मग पत्ते काढले. दाजी पत्ते चोरतात हे जगजाहीर, आणि त्या दिवशी ते रंगेहाथ सापडले. चौघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. अंधार पडल्यावर कुठे मास्तर घरी निघाले.

पुढचे दोन दिवस त्यांनी नेहमीसारखं शिकवलं. तिसऱ्या दिवशी ताईचा फोन आला.

"ह्यांना ताप होता म्हणून तपासलं. तेच निघालं." मग तिला रडू आवरेना. "मीच तुला मास्क काढायला लावला रे."

"तू सांगितलंस, पण काढणारा हात माझाच होता," मास्तर म्हणाले.

मास्तर आणि त्यांची बायको दोघंही तपासणीत पॉझिटिव्ह आले. मास्तरांचा घसा सुजला होता, अंग मोडून आलं होतं. बायकोला साबणाचा वाससुद्धा येईना. पण मास्तरांना आपल्या दुखण्याचं काही वाटत नव्हतं. गेल्या दोन दिवसांत आपल्या शेजारी कोण कोण बसलं, तेच डोळ्यांपुढे येत होतं. त्यांनी आधी मालकांना फोन केला.

"एवढ्यात कुणाला कळवू नका," मालक म्हणाले. "कुणाला काही झालंच तर बघू. बोभाटा झाला तर शाळेला टाळं लागेल."

"आज कळवलं नाही तर मावशी नवऱ्याच्या उशाशी बसून त्यांना औषध पाजतील."

मग मालक म्हणाले, "करा फोन. माझं नाव मात्र मध्ये आणू नका."

मास्तरांनी एकेकाला फोन लावले. बाकीच्यांनी ऐकून घेतलं, एकदोघे चिडले. कारकुनाला मात्र ते खरंच वाटेना.

"तुम्हाला? तुम्हाला कसं होईल सर?"

"बहिणीकडे जेवायला गेलो होतो. तिथे मास्क काढला."

"तुम्ही?" कारकून एवढंच म्हणाला. शिवी दिली असती तरी मास्तरांना इतकं लागलं नसतं.

मावशींचा फोन त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता. नंबर काढायचा आणि फोन पुन्हा पलंगावर ठेवायचा, असं बऱ्याच वेळा झालं. शेवटी बायको म्हणाली, "अहो, तुम्ही जितका उशीर कराल तितक्या त्या त्यांच्याजवळ बसतील." तेव्हा लावला.

मावशींनी सगळं ऐकलं. मग टेलिफोन ऑफिसात तक्रार टिपून घ्यावी तशा आवाजात एकेक विचारायला लागल्या.

"काचा खाली होत्या ना?"

"होत्या."

"माझे दोन मास्क होते. तुमचा?"

"होता. नाकावर होता."

"बरं. मग मी आता शेजारच्या खोलीत जाते. ह्यांना दारातूनच सांगते. मशीनमध्ये पाणी भरता येतं ह्यांचं ह्यांना. तुम्ही औषधं वेळेवर घ्या."

फोन बंद झाला. त्या टाकून बोलल्या असत्या, ओरडल्या असत्या, तर मास्तरांना हलकं वाटलं असतं.

डॉक्टरांचं म्हणणं होतं की लगेच तपासून उपयोग नाही, काही दिवस जाऊ द्यावे लागतील. ते दिवस मास्तरांना खायला उठले. मध्येच दाजींना इस्पितळात हलवावं लागलं, त्यांना ऑक्सिजन लावला. ताईलाही ताप, ती घरात एकटी. मास्तर पडल्या पडल्या मावशींचा शेवटचा तास पुन्हा पुन्हा चालवून बघत. चढावर मावशींची गाडी बंद पडून मागे सरकायला लागली होती. तेव्हा हँडब्रेक ओढायला आपण वाकलो होतो, आपलं तोंड त्यांच्यापासून वीतभर अंतरावर होतं. तेव्हा आपण काही बोललो का? आणि पाणी प्यायला त्यांनी मास्क खाली केला, तेव्हा आपण गाडीत होतो की बाहेर? बाहेर होतो. बहुतेक बाहेरच. त्या 'बहुतेक'पाशी येऊन गाडी रोज अडायची.

मग हळूहळू बातम्या येऊ लागल्या. आधी दाजी घरी परतले. बारीक झाले होते, पण स्वतःच्या पायांनी जिना चढले. त्यामागोमाग शिकणाऱ्यांचे फोन आले. एकाचा, मग दुसऱ्याचा. कुणालाच लागण नव्हती. कारकुनाचाही फोन आला.

"सर, निगेटिव्ह. सर्दी मात्र झालीय, तुमच्या त्या काचांमुळे."

"नुसती सर्दीच ना?" मास्तर उठून बसले.

"नुसतीच. मी दोनदा तपासून घेतलं." मग तो म्हणाला, "तुमचं बोट वर गेलं की मी मास्क वर घ्यायचो ना सर. दरवेळी घ्यायचो."

मास्तरांना हसू आलं, आणि हसताना खोकला.

मावशींचा काही फोन येईना. सकाळ गेली, जेवण झालं. दुपारी फोन वाजला. नंबर मावशींचाच, पण आवाज पुरुषाचा, थांबत थांबत येणारा.

"मास्तर... मी मावशींचा नवरा."

मावशी स्वतः का बोलत नाहीत?

"तीच करणार होती फोन. मी म्हटलं... मी करतो. पास झाली ती."

"म्हणजे?"

"निगेटिव्ह. मीसुद्धा." त्यांनी श्वास घेतला. मशीनची घरघर ऐकू येत होती. "आत्ता इथेच उभी आहे. इतके दिवस दाराशी ताट ठेवून पळायची. घरात... भांडायला कोणी नव्हतं हो."

मागून मावशींचा आवाज आला, "पुरे आता, दम लागेल. मास्तरांना विचारा, माझा रिव्हर्स राहिलाय, तो कधी घेणार."

एवढं बोलणं व्हायला बराच वेळ लागला, पण मास्तरांनी जराही घाई केली नाही. फोन ठेवल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती झोपली असेल असं त्यांना वाटलं होतं, पण तिने सगळं ऐकलं होतं.

"दोघंही ठीक आहेत," मास्तर म्हणाले.

"ऐकलं मी." तिने पदराने डोळे पुसले. "आता भूक लागलीय मला. तुम्हाला?"

मास्तरांनाही लागली होती. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन जे हाताला लागलं ते गरम करून आणलं. चव दोघांनाही लागत नव्हती, तरी पातेलं रिकामं झालं.

सगळे धडधाकट झाल्यावर मास्तरांनी ताई-दाजींना घरी बोलावलं, पण बसायची सोय गच्चीवर केली. खुर्च्या लांब लांब मांडलेल्या, प्रत्येकाच्या अंगावर शाल. ताईने आधी खुर्च्यांकडे बघितलं, मग भावाकडे. या वेळी ती परकेपणाचं काही बोलली नाही.

"इथे घास तोंडाशी नेईतो गार होतोय रे," ती म्हणाली.

"मग गार खा."

दाजींचा शर्ट त्यांच्या अंगावर लोंबत होता. त्यांनी आपलं ताट पुढे केलं, मास्तरांनी लांब हात करून त्यात आणखी वाढलं, आणि दाजी वाऱ्याकडे पाठ करून जेवू लागले. मास्तर वाढायचा डाव हातात धरून त्यांच्याकडे बघत उभे राहिले.

"काय बघतोस?" दाजींनी विचारलं.

"काही नाही. जेवा तुम्ही."