फणसाच्या लाकडाचं यान

सत्यवतीनं यान काखेत मारलं, पदर खोचला आणि ती तरातरा पुळणीवर उतरली. फणसाच्या लाकडाचं ते धूड भरल्या कळशीएवढं जड होतं. खाली रुंद, वर निमुळतं, देवळातल्या घंटेसारखं. टोकाला गोल झाकण, एका अंगाला बोटभर दार. वाटेत बोंबील सुकवायच्या काठ्यांवर ते दोनदा आपटलं. आपटू दे, तिनं मनात म्हटलं. इथंच फुटलं तर पाण्यात उतरायचे कष्ट वाचतील.

"काय गो, घोव चंद्रावर पोचला काय?" हौसानं मासळीच्या पाटीमागून हाक दिली. चार बायका खदखदल्या.

"पोचवायलाच चाललेय," सत्यवती म्हणाली आणि थांबली नाही.

सकाळी रावजी दारात उभा राहून बोलून गेला होता. तिच्या नवऱ्यानं, दत्तारामनं, रावजीच्या नव्या होडीचा सांगाडा झापांच्या मांडवाखाली उभा करून दीड महिना झाला, आणि फळी एक बसली नव्हती. सागवान उन्हात तडकायला लागलं होतं.

"मिरगाच्या आत फळ्या बसून होडी बंद झाली पायजे," रावजी म्हणाला. "नायतर मंगळवारी गाडी आणतो नि लाकूड केळशीच्या सुताराकडं टाकतो. मग तुम्ही नवराबायको आभाळात होड्या घाला."

दत्ताराम तेव्हा घरात नव्हता. तो पहिल्या एसटीनं दापोलीला मासिक परत करायला गेला होता. होडी गेली तर पावसाळा कसा काढायचा हा एक प्रश्न. पण हर्णैत एकदा का अर्धवट होडी दुसऱ्या सुताराकडं गेली, की पुन्हा कुणी त्या दारात लाकूड टाकत नाही. रावजीला हे ठाऊक होतं, म्हणून तर तो चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलला.

आणि सुतार तरी कसला! कागदावर रेघ न मारता, नुसत्या नजरेनं वीस हात होडी उभी करणारा. तिच्या पुढच्या टोकाकडं एकदा बघितलं की समुद्र कसा कापला जाणार ते त्याला आधीच दिसायचं. त्या माणसाला पंधरा वर्षांमागं यानांनी झपाटलं. चंद्रावर माणूस उतरला त्याच साली सत्यवती लग्न होऊन आली होती. ती की यानांचं वेड, आधी घरात कोण शिरलं हे तिला आजही सांगता आलं नसतं. यंदा चैत्रात आपला माणूस रशियाच्या यानातून वर जाऊन आला, आणि जेवढं शहाणपण उरलं होतं तेही वर गेलं.

दापोलीच्या वाचनालयातला कारकून मासिक देताना दर वेळी विचारायचा, "तुम्हाला काय कळणार यातलं?" ज्यांना कळायला हवं होतं त्या पदवीधरांनी त्या मासिकाची जोडलेली पानंसुद्धा फाडून सुटी केलेली नसायची. ती दत्ताराम घरी आणून पटाशीनं कापायचा, चित्रं वहीत उतरवायचा आणि रात्री ताटाशेजारी पसरायचा.

"ही सगळी खोटी," असं म्हणून तो गोष्टीतली यानं बाजूला काढायचा. "याला पंख कशाला? तिथं काय वारा हाय? आणि ह्याचं दार बघ, बाहेर उघडतंय. आत हवा कोंडलेली, बाहेर कायच नाय. खिट्टी तुटली की माणसं गेली. दार आत उघडणारं हवं, म्हणजे हवाच त्याला दाबून धरते."

"जेव."

"आणि हे खरं. हे विमानागत उतरतं. पोटाला विटा लावल्यात, हजारो, एकेक हातानं चिकटवलेली. हातानं गो!" असं म्हणताना तो स्वतःची बोटं बघायचा.

एका चित्रावर मात्र तो कितीतरी दिवस अडून बसला होता. अमेरिकेचं जुनं यान, समुद्रात पडलेलं. पडल्यावर कधीकधी ते उलटं व्हायचं. मग वरून फुगे फुगायचे आणि ते सरळ व्हायचं.

"फुगा फुटला तर?" घास हातात धरून तो म्हणाला होता. "तीन माणसं आत बांधलेली, वटवाघळासारखी. एवढा चंद्र बघून आली नि मरायची कशी, डोकं खाली करून? वजन तळाला हवं. मी केलं असतं तर फुगाच लागला नसता."

आणि रावजीचं लाकूड तडकत ठेवून त्यानं ते केलं.

भरती लागली होती. सत्यवती कमरेएवढ्या पाण्यात शिरली, यानाचं टोक खाली केलं आणि दोन्ही हातांनी खाली दाबलं. "मर," ती म्हणाली. हात सुटल्याबरोबर ते वर उसळलं, विचारात पडल्यासारखं क्षणभर पालथंच राहिलं, मग कुशीवर वळून सरळ बसलं.

तिनं पुन्हा दाबलं. गुडघा देऊन दाबलं. शिव्या घालून दाबलं. दर वेळी ते उठून बसायचं. पाचव्या वेळी तिला धाप लागली. तिनं झाकण फिरवून आत बघितलं. बोटाएवढे तीन बिछाने, त्यांना सुतळीचे पट्टे, दाराला लागून पाण्याची इवली टाकी, आणि सगळं कोरडं. तळाशी शिशाच्या गोळ्या ठोकलेल्या होत्या. गोळ्या तिच्याच जाळ्याच्या होत्या, होळीपासून हरवलेल्या.

"चोर मेला," ती पुटपुटली. पण झाकण लावताना तिनं ते नीट, घट्ट बसेपर्यंत फिरवलं.

सहाव्या वेळी तिनं दाबलं ते बघायला. ते कसं वळतं, कुठल्या अंगावर वळतं. मग मागून, मग बाजूनं. दाराच्या बाजूनं ढकललं तेव्हा ते आडवं झालं आणि आडवंच राहिलं. सत्यवती आकडे मोजायला लागली. बाराव्या आकड्याला ते कुथत उठलं. तिनं पुन्हा तिथूनच ढकललं. पुन्हा बारा.

"वैनी!" काठावर रावजी उभा होता. "तुझ्याबी डोक्यावर परिणाम झाला काय?"

"इकडं या, रावजीभाऊ. ढकला याला." तिनं यान गुडघाभर पाण्यात ओढून आणलं.

"मला कामं हायत."

"ढकला तर."

रावजी धोतर सावरत आला आणि त्यानं पायानंच ढकललं. यान उलटलं, वळलं, बसलं. त्यानं आणखी एकदा ढकललं, या वेळी हातानं आणि जोरात. मग इकडंतिकडं बघून तिसऱ्यांदा.

"तुमची जुनी होडी उलटली तर अशी उठते काय?" सत्यवतीनं विचारलं.

"होडी उघडी असते. मासे काय झाकण लावून धरायचे?"

"ते मला कळतं. मी विचारते ते एवढंच, की हे ज्याच्या हातानं झालं त्याच्याकडनं लाकूड काढून केळशीला कुणाकडं नेणार तुम्ही?"

यान लाटेबरोबर रावजीच्या पोटरीला येऊन टेकलं होतं.

"मंगळवारी गाडी आणू नका," ती म्हणाली. "नुसते या. खालच्या चार फळ्या बसलेल्या दिसल्या नायत, तर लाकूड मी स्वतः डोक्यावरून केळशीला पोचवीन."

"शब्द?"

"शब्द."

दत्ताराम संध्याकाळी आला. यान ओसरीवर ओलं बसलेलं होतं आणि बायको चुलीसमोर ओल्याच लुगड्यात. त्यानं एकदा यानाकडं, एकदा तिच्याकडं बघितलं. काय झालं असावं ते त्याला कळलं. चप्पल काढायचं राहून गेलं.

"रावजी येऊन गेला," ती न वळता म्हणाली. "उद्या उजाडता होडीवर जायचं. मंगळवारपर्यंत चार फळ्या. मी शब्द दिलाय."

"बरं."

"आणि ती पाण्याची टाकी दाराच्या अंगाला का घातलीस?"

दत्ताराम चपलेसकट पुढं आला. पंधरा वर्षांत असा प्रश्न त्याला कुणी केला नव्हता.

"दारच मुळात जड," ती म्हणाली. "त्यात टाकी तिथंच. पाटीत सगळ्या सुरमई एका अंगाला भरल्या तर मान मोडते की नाय? त्या बाजूनं पडलं की बारा मोजेपर्यंत उठत नाय. समोरच्या अंगाला ने टाकी."

तो खाली बसला. वही उघडली, कानामागची पेन्सिल काढली.

"किती वेळा बुडवलंस?"

"बावीस." तिनं ओला पदर पिळला. "पहिल्या पाच धरू नको. त्या रागातल्या होत्या."

"त्याच आधी सांग," दत्ताराम म्हणाला. "दर्या काय मायेनं उलथवतो?"

सत्यवतीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि ती वहीजवळ सरकून बसली.