गाठोड्यात गेलेली आखूड केबल

या रे मित्रांनो, असे जवळ सरका. मागच्यांनी पुढे या, चुळबुळ पुरे झाली. एकदा देवाचं नाव घ्या आणि कान माझ्याकडे द्या. आज मी तुम्हाला एक आख्यान सांगणार आहे. त्यात राजा नाही, राक्षस नाही, पण भांडण मात्र पोटभर आहे.

मी एक जुनी केबल आहे. काळी, जाड, हातभरच लांब. माझ्या एका टोकाला चपटी सी पिन आहे, कशीही घातली तरी बसणारी. दुसरं टोक कॉम्प्युटरचं. कुठल्याशा दूरच्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे माझ्या पोटात वीज नेणाऱ्या तारा घातल्या आणि त्यांच्या शेजारी आणखी बारीक तारा घातल्या, गाणी, फोटो, आवाज इकडून तिकडे वाहून नेणाऱ्या. या बारीक तारा बाहेरून कोणाला दिसत नाहीत. माझं सगळं दुःख इथूनच सुरू होतं.

एटापल्लीला सुलतानाबाईंचं मोबाईलच्या सामानाचं दुकान आहे. तिथे मी खिळ्याला लटकून होते. शेजारी लाल, निळ्या, चमकत्या, लांबलचक केबली. गिऱ्हाईक यायचं, त्यांना कुरवाळायचं आणि मला बाजूला सारायचं. एक जण तर म्हणाला, “हे काय म्हशीचं शेपूट टांगून ठेवलं?” मित्रांनो, म्हशीच्या शेपटाला निदान माश्या तरी हाकलता येतात. मला तेवढंही करता येत नव्हतं.

मग एक दिवस डोमाभाऊ आले. तळ्यात जाळं टाकणारा माणूस, अंगाला मासळीचा वास, कपाळाला बुक्का. नाल्यापलीकडच्या गावाचे कीर्तनकार तेच. सुलतानाबाईंनी विचारलं, “नुसतं चार्जिंग करता का गाने बी भरता, डोमाभाऊ?”

“गाने भराचे हायेत. अन् माझं कीर्तन फोनमंदी घेतो ना मी, ते बी कधी कॉम्प्युटरमंदी काढाचं हाय.”

“मंग हे घ्या. आखूड हाय, पन आवाज नेते-आनते. त्या लांब वायरी करंट सोडून काईच नेत नाईत.”

“घरी बाई बोलंल मले, हे काय वितभर आनलं मनून.”

“बोलू द्या. तुमी कीर्तनकार, तुमाले कोन हरवते बोलन्यात?”

घरी त्यांना हरवणारी होती. गोकुळाबाई. त्यांनी मला पाहिलं आणि भांडणाला तोंड फुटलं. माझी लांबी खाटेपर्यंत पोचेना, म्हणून डोमाभाऊ बोर्डाखाली जमिनीवरच झोपू लागले. फोन उशाशी, मी फोनला. आपलंच कीर्तन ते पुन्हा पुन्हा ऐकत, कुठे सूर उतरला ते शोधत. गोकुळाबाई म्हणत, “या काळ्या वायरीसंगच लगीन लावाचं होतं!” सून दिव्यानीनं बाजारातून लाल केबल आणली, दोन माणसं लांब. तिचे लाड झाले. मला दारातून जाता-येता पाय लागायचे.

पावसाळ्यात डोमाभाऊ तापाने गेले.

आता ऐका, मित्रांनो. त्या गावची रीत अशी की गेलेल्या माणसाच्या अंगावरचं, उशापायथ्याचं जे काही असेल ते दहाव्याला गाठोड्यात बांधायचं, शिवेबाहेर मोहाच्या झाडाखाली ठेवायचं आणि मागे न पाहता परत यायचं. धोतर गेलं, उपरणं गेलं, वाकळ गेली. फोन महागाचा, म्हणून तो कोनाड्यात राहिला. मी मात्र उशाशीच होते. गोकुळाबाईंनी मला दोन बोटांनी उचललं. “हे बी ने. यानंच त्याईले झोपू नाई देल्लं.” आणि गाठोड्याची गाठ माझ्या तोंडावर बसली.

पुढचं मला मागाहून कळलं. भूपेश, म्हणजे त्यांचा मुलगा, ऊर्जानगरला कामाला असतो. दहाव्याला येताना त्याने लॅपटॉप आणला होता. बापाचा आवाज त्यात भरून घ्यायचा असं मनात होतं. पण कोनाड्यावरचं कौल गळत होतं. पाण्याने फोनचा गळाच बसला. स्क्रीन दिसायची, पण आवाज फुटेना, ब्लूटूथ लागेना, नेट धरेना. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं होतं. आज चालतो आहे, उद्याचं कोणी सांगावं? आणि बाहेर नाल्याला पूर. रपट्यावरून, म्हणजे त्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत होतं. एटापल्लीचा रस्ता बंद.

भूपेशने लाल केबल लावली. फोन चार्ज होऊ लागला. लॅपटॉप मात्र दगडासारखा गप्प.

गोकुळाबाई उसळल्या. “काऊन दिसून नाई राह्यलं? तूनंच काई केलं असंल!”

“माय, मी काईच नाई केलं. हे केबल नुसती चार्जिंगची हाय.”

“मी काय पाहून घेतलं का आत?” दिव्यानीने ठणकावलं. “लांब पायजे, लांब पायजे कोन म्हने?”

गावातल्या घराघरातून केबली मागून आणल्या. काहींची पिन जुन्या फोनची, बाकीच्या नुसत्या करंटच्या. सगळ्या एकाच फेरीवाल्याकडून घेतलेल्या, सगळ्या रंगीत. मग भूपेश कपाळाला हात लावून म्हणाला, “बाबाजवळ एक काळी, आखूड होती ना? तिच्यानं झालं असतं.”

गोकुळाबाई उठल्या आणि जी गोष्ट गावात कोणी करत नाही ती त्यांनी केली. ठेवलेल्या गाठोड्याकडे परत गेल्या. झाडाखाली वाकळ होती, धोतर होतं. उपरणं नव्हतं. मीही नव्हते.

कारण मी कोलूकडे होते.

कोलू म्हणजे डोमाभाऊंचा टाळकरी. कीर्तनात मागे उभा राहून ज्याने आयुष्यभर ठेका धरला, तो. मागल्या हरिनाम सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला भर मंडपात डोमाभाऊ त्याच्यावर ओरडले होते. कोलूने टाळ खाली ठेवले आणि तो चालता झाला. दुसऱ्या दिवशी डोमाभाऊंनी टाळ सप्ताहाला घरी आलेल्या भूपेशच्या हाती पाठवून दिले, निरोपाशिवाय. कोलूला वाटलं, तोंडावर फेकून मारले. त्यानंतर दोघं कधी बोलले नाहीत. कोलू दहाव्यालाही आला नाही. पण झाडाखाली गेला, गाठोडं सोडलं, उपरणं डोक्याला गुंडाळलं आणि माझी दोरी करून टाळांच्या पिशवीचं तोंड आवळलं. इतकं घट्ट, की माझी मान मोडली. आतल्या बारीक तारा कण्हत होत्या.

त्याच्या डोक्याला ते उपरणं दिसलं आणि गोकुळाबाई त्याच्या अंगणात उभ्या राहिल्या त्या पदर खोचूनच. “मेलेल्या मानसाचं गाठोडं सोडलं तूनं? लाज नाई वाटत तुले?”

“तुमी टाकलं होतं, वैनी. टाकल्यावर कोनाचं रायते?”

“ते वायर दे.”

“नाई देत.”

“काऊन?”

“काऊन मनजे? जिता होता तवा माह्या घरी नाई आला तो. आता त्याचं हे एवढं तरी राहू दे माह्याजवळ.”

भूपेश मध्ये पडला. “कोलूकाका, बाबाचा आवाज अडकला हाय फोनमंदी. या वायरीबिगर निंगत नाई.”

कोलू पिशवीची गाठ चाचपू लागला. मग म्हणाला, “देतो. पन मी बी आयकीन.”

“माह्या घरच्या आवाजाले तुह्या कानाची गरज नाई!” गोकुळाबाई कडाडल्या.

“मंग माह्या वायरीची बी नसंल.”

मित्रांनो, मी तिथे लोंबकळत होते. मनात आलं, ज्यांनी मला लाथाडलं त्यांच्यासाठी का म्हणून पाझरू? राहू दे अडकलेला! पण डोमाभाऊंच्या उशाशी मी रोज कीर्तन ऐकलं होतं. त्या आवाजाची मी शत्रू कशी होऊ?

शेवटी गोकुळाबाई दात आवळून म्हणाल्या, “पायरीवर बसजो. उंबरा ओलांडला तर पाहून घे.”

मला लावलं. लॅपटॉपने फोन ओळखला. पण मोडलेल्या मानेमुळे मी जरा हलले की संबंध तुटायचा. तेव्हा गोकुळाबाई जमिनीवर बसल्या आणि त्यांनी मला दोन्ही हातांत धरलं. ज्या बोटांनी गाठोड्यात टाकलं, तीच बोटं. श्वाससुद्धा हळू घेत होत्या. मी सगळा जीव त्या तारांत आणला. एक कीर्तन पार गेलं. दुसरं सुरू झालं आणि फोनची स्क्रीन काळी पडली. भूपेशने बटण दाबलं, पुन्हा दाबलं. फोन पुन्हा उठला नाही.

“एकच आलं,” तो म्हणाला.

आणि आलं ते कोणतं? तेच, काल्याचं.

लॅपटॉपमधून डोमाभाऊ कडाडले, “कोल्या, टाळ हाय का हातात का भाकर थापून राह्यला?” मंडप हसला. टाळ खाली ठेवल्याचा आवाज आला. पायरीवर कोलूने मान खाली घातली. गोकुळाबाईंचा चेहरा असा झाला, की सगळ्या कीर्तनांतून देवाने नेमकं हेच का दिलं! पुढे डोमाभाऊ टाळावाचून गायले, “जाळं माझं, पाणी तुझं, देवा,” पण दर कडव्याला अडखळत. मग प्रसाद, पंगत, सतरंज्या झटकणं. फोनमधलं रेकॉर्डिंग बंद करायला ते विसरलेच होते. मंडप रिकामा झाल्यासारखा वाटला आणि त्यात टाळ वाजले. चुकीचे. पुन्हा वाजले, पुन्हा चुकले. आणि डोमाभाऊंचा आवाज, एकट्याचाच, “अरे, हे असं… नाई. कसा धरते हा? मले तं जमूनच नाई राह्यलं.” हसले. पुन्हा टाळ. बराच वेळ ते कोलूचा ठेका शोधत राहिले. सापडला नाही.

पायरीवरून हुंदका आला.

“रडू नको इथी,” गोकुळाबाई खेकसल्या. “आयकू दे मले.” थोड्या वेळाने, तितक्याच रागाने, त्या पुन्हा म्हणाल्या, “अन् ते टाळ काढ. त्याले नाई जमलं ते कसं रायते, ते वाजवून दाखव मले.”

कोलू पायरीवरच उभा राहिला आणि त्याने ठेका धरला. नवऱ्याच्या चुकत्या टाळांबरोबर त्याचे टाळ ऐकताना त्या बाईने डोळे मिटून घेतले.

माझी मान आता पुरती तुटली आहे. मी कोनाड्यात असते. मित्रांनो, केबल घ्याल तेव्हा तिची लांबी, रंग पाहून भुलू नका. ती काय नेते, काय आणते हे दुकानदाराला विचारा. तिला गाठी मारू नका, मानेला धरून उपसू नका. आणि एवढं माझं मागणं ऐका. कधी कीर्तनाला बसाल, गाणाऱ्याच्या सुरात रंगून जाल, तेव्हा मागच्या रांगेत टाळ धरून उभ्या असलेल्या आमच्या कोलूची आठवण ठेवा.