फळ्यावर न मावलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण शाळेतला नव्हे. भोईवाड्याच्या एका गल्लीतल्या मराठी चर्चच्या फाटकावर मी टांगलेला असतो. मला वाचता येत नाही. येणारे-जाणारे मोठ्याने वाचतात, त्यावरून माझ्या अंगावर काय लिहिलंय ते मला कळतं.

सुताराने मोडक्या दाराच्या फळीतून मला घडवलं. अंगाने बेताचा, त्यामुळे दोन ओळींच्या वर माझ्यावर मावत नाही. दर रविवारी चर्चची देखभाल करणारे तात्या स्टुलावर चढून शास्त्रातलं एखादं धीराचं वचन खडूने लिहीत. "तात्या, अक्षर म्हणजे मोती!" असं कोणी म्हटलं की मीच उगाच फुशारत असे.

दोन वर्षांपूर्वी रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोने तात्यांना उडवलं. टेम्पो समोरच्या चाळीतल्या धोंडूचा, हे गल्लीला ठाऊक होतं. साक्षीला मात्र कोणी उभं राहिलं नाही. तात्या गेले, आणि खडू त्यांच्या मुलीच्या, मीराबाईंच्या हाती आला. तेव्हापासून माझ्यावर एकच विषय: दुष्टांचा न्याय. दुष्ट भुशासारखे उडून जातील. दुष्टाचा दिवा विझेल. त्या इतकं दाबून लिहीत की माझ्यावर चरे पडले. धोंडूची खिडकी थेट माझ्यासमोर होती. मला त्याची भीती वाटायची आणि त्याच्यासाठीही वाटायची.

गेल्या रविवारी 'दुष्ट आपल्या पापात मरेल' एवढं लिहून मीराबाई हात झटकत होत्या, तोच धोंडूची बायको राधा धावत आली.

"मीराताई, हे कालपासून घरी नाय आले ओ! फोनपण बंद. चार दिवस धड जेवले नाहीत, नुसते या फळ्याकडे बघत बसायचे. जिवाचं काही केलं असेल तर?"

मीराबाई माझ्याकडे वळल्या. "मी न्याय मागितला गं राधा. हे नव्हतं मागितलं."

त्यांनी ओलं फडकं उचललं, पण पुसलं काहीच नाही. जागा नाही म्हणून वचनाचा उरलेला भाग त्या नेहमी सोडून देत. आज तो त्यांनी माझ्या खालच्या चौकटीवर बारीक अक्षरांत लिहिला. मग दोघी पायरीवर बसून राहिल्या. गल्लीच्या तोंडाशी कोणी वळलं की राधा ताडकन उठायची आणि पुन्हा बसायची. उपासना संपली, माणसं पांगली, तरी धोंडूचा पत्ता नव्हता.

दुपारी तो आला. दाढीचे खुंट वाढलेले, डोळे तारवटलेले. रस्त्यापलीकडेच थांबला.

"खाली काय लिहिलंय? इथून दिसत नाय."

"जवळ येऊन वाच," मीराबाई म्हणाल्या.

तो आला. बोट ठेवून अडखळत वाचू लागला, "पण दुष्ट मेल्याने देवाला आनंद होत नाही. त्याने मागे फिरावं आणि जगावं, हीच त्याची इच्छा."

बराच वेळ त्याचं बोट माझ्यावरच होतं.

"ताई, तात्यांना मीच ठोकलं."

"ठाऊक आहे मला. हेच चौकीत सांग. मी येते सोबत."

तिघंही गेली.

मित्रांनो, धोंडूला शिक्षा होईल, आणि ती व्हायलाच हवी. माझ्यावरची वरची ओळ म्हणूनच अजून तशीच आहे. माझी विनंती एवढीच, की कुणाच्या खिडकीसमोर काही लिहाल, तेव्हा खाली एका ओळीची जागा ठेवा.