डोक्यावरचा फेटा, बोनेटवरचे किडे

मित्रांनो, मी एक जुना लाल फेटा आहे. खरं सांगायचं तर फेट्याचा दीड हात तुकडा आहे, पण तोरा अजून पुरत्या नऊ हातांचा आहे. माझा मुक्काम सध्या एका पांढऱ्या गाडीच्या डिकीत, स्टेपनीच्या शेजारी असतो. स्टेपनीला माझ्या गोष्टीत काही रस नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

लोहाऱ्याच्या पुढे बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. तिथले शंकरसिंग तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, झाले, तेव्हा त्यांच्या बायकोने, रामीबाईने, यवतमाळच्या बाजारात चार दुकानं पालथी घालून मला निवडलं. मला बांधल्याशिवाय नायक कुणाचं भांडण ऐकायला बसत नसत. एकदा एका बोकडापायी दोन भाऊ दुपारपर्यंत कचाकचा भांडत होते. नायकांनी मला नुसतं नीट केलं आणि दोघेही गप्प झाले. निवाडा नायकांनी केला असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे.

मग नायकांचे गुडघे धरले, डोळ्यांत मोतीबिंदू आला आणि त्यांचं लग्नाकार्याला जाणं थांबलं. मी लोखंडी पेटीत डांबरगोळ्यांसोबत तीन वर्षं पडून राहिलो. कुणी उघडून बघितलंसुद्धा नाही. फार वाईट वाटायचं मला.

पेटी उघडली ती नायकांच्या मुलाने, प्रेमने. तो गाडीवर यवतमाळहून हैदराबादपर्यंत सवाऱ्या नेतो. पावसाळा सरला की त्या हमरस्त्यावर किडे ढगासारखे उठतात आणि गाडीच्या तोंडावर आपटून मरतात. बोनेट, दिवे, नंबरची पाटी, सगळीकडे नुसता चिकटा. वाळला की डिंकापेक्षा घट्ट. प्रेमने आधी भांड्यांची तारेची घासणी चालवली. किडे निघाले, सोबत रंगही निघाला. त्याची बायको उज्ज्वला म्हणाली, "मऊ कापड घ्या. बोनेट हाय का करपलेली कढई?" तो मऊ कापड शोधायला निघाला आणि बापाला न विचारता मला घेऊन आला.

त्या दिवसापासून माझी रोजची कामगिरी ठरली. शाम्पूच्या पाण्यात बुडायचं, बोनेटवर पसरायचं, दहा मिनिटं गुमान पडून राहायचं. खालचे किडे भिजून सुटतात, मग हलक्या हाताने पुसायचे. मी, नायकाचा फेटा! एका टोळाची तंगडी माझ्या घडीत आठ दिवस अडकून होती. पण खोटं कशाला बोलू, काम मला छान जमायचं. माझ्या हातून एकही ओरखडा पडला नाही.

कार्तिकातली गोष्ट. पांढरकवड्याजवळच्या तांड्यावरून नायकांच्या जुन्या ओळखीच्या मानीबाईचा निरोप आला की नातवाचं लग्न आहे, नायकांनी आलंच पाहिजे. नायक खाटेवरून उठून बसले. म्हणाले, "उज्ज्वला, माहा फेटा काढ वं पेटीतून."

मी तेव्हा त्यांच्यापासून दहा पावलांवर, बोनेटवर, किड्यांच्या चिकट्यात निथळत होतो.

प्रेमचा चेहरा उतरला. नायकांच्या धाकट्या भावाने न विचारता बैल नेला होता, तेव्हा नायक त्याच्याशी वर्षभर बोलले नव्हते. आणि इथे तर फेटा होता. त्याने उज्ज्वलाला सगळं सांगितलं. तिने कपाळाला हात लावला, मला तीनदा धुतलं आणि वाफ निघेपर्यंत इस्त्री केली. लाल रंगामुळे डाग दिसले नाहीत, एवढंच नशीब.

"वला काहून हाय?" नायकांनी विचारलं.

"धुतला मामाजी. पेटीचा वास येऊन राह्यला होता."

तीन वर्षांनी मी पुन्हा त्या डोक्यावर चढलो. काय सांगू मित्रांनो, रडूच फुटायचं बाकी होतं. नायक पुढच्या सीटवर ताठ बसले आणि आम्ही निघालो. प्रेम अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं माझ्यावर ठेवून गाडी हाकत होता.

दिवेलागणीला किड्यांचा लोट आला. काच भरली. प्रेमने वायपर फिरवला, तर चिकटा सगळ्या काचेवर पसरला आणि समोरच्या ट्रकचे दिवेही धड दिसेनात. त्याने गाडी कडेला घेतली, बाटलीतलं पाणी काचेवर ओतलं आणि डिकी उघडून तसाच उभा राहिला.

"काय झालं?" नायक म्हणाले.

"फडकं नाही, बा."

"रोज त असते. लाल हाय म्हणे, शाम्पूत बुडवतं तू. आज कुठी गेलं?"

प्रेमची नजर बापाच्या डोक्यावर गेली आणि तिथून हटेना.

नायकांनी हात वर नेला. मला चाचपलं, हात नाकाशी नेऊन वास घेतला. शाम्पूचा वास तीन धुण्यांतही गेला नव्हता. मग त्यांनी मला हळूहळू सोडायला सुरुवात केली. एकेक वेढा सुटत होता आणि प्रेम मान खाली घालून उभा होता. मला वाटलं, संपलं. आता याच्याशीही वर्षभर बोलणं बंद.

"टोक धर," नायक म्हणाले.

प्रेमने धरलं. नायकांनी दीड हात मोजला, काठाला दातांनी चीर दिली आणि टर्रकन मला फाडलं.

"हे गाडीले. बाकी माहं." उरलेला फेटा ते पुन्हा बांधू लागले. बांधता बांधता म्हणाले, "मागितला असता त तवाच देल्ला असता. मले कोणी काही मागतच नाही आता."

प्रेमने काच पुसली. फार वेळ पुसली, किडे निघून गेल्यावरही पुसतच राहिला.

लग्नात मानीबाईने विचारलं म्हणे, "नायक, फेटा लहान झाला काय?" नायक म्हणाले, "केसच नाही राह्यले, येवढा कायले लागते?" परतताना बापलेक यावर घरापर्यंत हसत होते. डिकीत मलाही ऐकू येत होतं.

तर मित्रांनो, वाळलेला किडा कधी कोरडा घासू नका, आधी भिजू द्या. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे अधूनमधून काहीतरी मागत जा.