बारवेचे फाटक

कमलबाईने चूल पेटवली, कोरा चहा घेतला आणि झाडू-टोपली उचलून ती बारवेकडे निघाली. फाटकाचे कुलूप काढून तिने चपला निंबाखाली ठेवल्या. एकेका पायरीवरचा पाला ती टोपलीत भरत गेली. नुसते झाडत उतरले तर सगळा कचरा पाण्यात जातो. हे काम तिला सासूने सोपवले होते. त्याचा पगार मात्र गेल्या वर्षीपासून, शिंदखेडा तालुक्यातल्या या लहानशा वस्तीच्या बारवेवर ‘संरक्षित वास्तू’ अशी निळी पाटी लागल्यावर, सुरू झाला. पाटीबरोबर तिच्यासाठी खाकी कोट आला आणि बारवेसाठी लोखंडी फाटक.

फाटक बसवताना मजुरांनी दोन्ही कोरीव खांबांना यंत्राने भोके पाडली. डाव्या खांबावरच्या नर्तकीचा हात त्याच दिवशी निखळला. कमलबाईने तो उचलून घरी देव्हाऱ्यात ठेवला होता.

ती झाडून वर आली तेव्हा पुरातत्त्व खात्याचे, बारवेवर देखरेख ठेवणारे हितेंद्र साहेब मोटरसायकलवरून उतरत होते.

“कमलबाई, आज कानबाई देवीचं विसर्जन ना? कुलूप उघडायचं नाही. हळदी-कुंकवानं दगड खराब होतो. उद्या वरिष्ठ पाहणीला येताहेत.”

“सायेब, कानबाईले आठेच आंघोय घालतस. वरीसमा एकच डाव.”

“पंचायतीच्या नळावर घाला.”

“खांबले भोकं पाडात, तव्हय दगड खराब नई व्हयना का?”

साहेब हसले. “ते तांत्रिक काम असतं, तुम्हाला नाही कळायचं. कुलूप उघडलं, तर उद्यापासून इथं दुसरी बाई दिसेल.” समोर उभे राहून त्यांनी कुलूप लावून घेतले आणि ते निघून गेले.

कमलबाई घरी जाऊन आली तेव्हा तिच्या पदरात काहीतरी बांधलेले होते.

थोड्याच वेळात डफाचा आवाज आला. पाटावर सजवलेली कानबाई डोक्यावर घेऊन तिची जाऊ सरिता पुढे होती, मागे वस्तीतल्या साऱ्या बाया. बंद फाटक पाहून डफ थांबला.

“वं माय, आमनी जेठानी सायेबनी व्हयी गयी!” सरिता म्हणाली. “कानबाईले तिकीट लागस का वं?”

बाया हसल्या. कमलबाई हसली नाही.

“कुलूप उघाडानं नई, आसा हुकूम शे.”

“मंग काय कानबाईले परत लई जाऊत?”

कमलबाईने बिजागऱ्यांकडे पाहिले. दोन्ही पल्ले खुंट्यांवर नुसते अडकवलेले होते. तिने कोट काढला, पदर खोचला.

“कुलूपले हात लावू नका. फाटक उचला. धरा वं बठ्ठ्या जणी!”

साखळी-कुलपासकट फाटक वर उचलले गेले आणि निंबाला टेकून उभे राहिले. डफ पुन्हा वाजू लागला. बाया पाण्यापर्यंत उतरल्या.

दुपारी बाया परतल्यावर कमलबाईने एकेका पायरीवरचे कुंकू ओल्या फडक्याने पुसून घेतले. मग कोटाची घडी घालून ती फाटकाशी ठेवली आणि तिच्यावर किल्ली ठेवली. पदराची गाठ सोडून नर्तकीचा तो दगडी हात तिने डाव्या खांबाच्या भोकाखाली, येणाऱ्याच्या नजरेस पडेल असा मांडला.

कुलूप तसेच बंद होते. कमलबाईने आपला झाडू उचलला आणि ती घराकडे चालू लागली.